चिकूच्या वाडीत रात्रभर लावलेली गाडी

शनिवारी दुपारी मुंबईहून निघालेली विजेवरची गाडी मनोर, चारोटी नाका मागे टाकून डहाणूकडे वळते. नरपड, चिखले, घोलवड अशी किनाऱ्याकिनाऱ्याने येत ती संध्याकाळी बोर्डीच्या एखाद्या वाडीत शिरते. चिकूच्या झाडांखाली गाडी उभी राहते आणि सामान उतरवायच्या आधीच पाहुणे यजमानांना विचारतात, "काका, पंधरा अँपिअरचा पॉइंट कुठे आहे?"

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. आज बोर्डी-घोलवडच्या पर्यटनात तो जेवणाच्या चौकशीइतकाच साधा होऊ लागला आहे. पण त्यामागचं गणित यजमानांना ठाऊक नसतं आणि पुष्कळदा गाडीच्या मालकालाही नसतं. कंपनीच्या जाहिरातीत 'वीस मिनिटांत चार्ज' असं वाचलेलं असतं, आणि वाडीतल्या प्लगला गाडी लावली की पडदा 'आणखी नऊ तास' असं सांगतो. खोटं कुणीच बोलत नसतं. टाकी केवढी आणि नळ केवढा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या की घोळ सुटतो.

टाकीचं माप किलोवॉट-अवरमध्ये देतात. शब्द परका वाटतो, पण एक किलोवॉट-अवर म्हणजे विजेच्या बिलावरचं आपलं रोजचं एक युनिट. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती. एमजीच्या छोट्या कॉमेटची 17.3 युनिटांची आहे, तर चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 ची 59 किंवा 79 युनिटांची. मध्यम आकाराची गाडी हायवेवर एका युनिटात साधारण सहा-सात किलोमीटर जाते. मुंबई ते बोर्डी सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे बावीस ते पंचवीस युनिटांचा प्रवास. तीस युनिटांची गाडी इथे पोचते तेव्हा जेमतेम पाव टाकी उरलेली असते. त्याच रस्त्यावर 79 युनिटांची गाडी बोर्डीला येऊन न भरता परतही जाऊ शकते.

आता नळ. पंधरा अँपिअरच्या घरगुती पॉइंटमधून तासाला फार तर तीन युनिटं मिळतात, आणि त्यातलीही थोडी उष्णतेत जातात. बावीस युनिटं भरायची तर आठ-नऊ तास हवेत. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सातला तयार होते, आणि बोर्डीला मुक्कामी आलेल्या माणसाला त्याहून घाई कशाची असणार? भिंतीवर बसवलेला 7.2 किलोवॉटचा चार्जर हेच काम साडेतीन तासांत करतो. हायवेवरचे मोठे चार्जर 30, 60, 120 किलोवॉटचे असतात.

मोठा नळ लावला की टाकी हमखास लवकर भरते, असं मात्र नाही. घरातली वीज एसी असते आणि बॅटरीला लागते डीसी. घरी भरताना हे रूपांतर गाडीतच बसवलेला छोटा चार्जर करतो. 2023 साली आलेल्या कॉमेटमधला हा चार्जर 3.3 किलोवॉटचा होता आणि त्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नव्हती. हायवेवरच्या साठ किलोवॉटच्या यंत्राचा तिला काहीच उपयोग नव्हता, भरायला सात तास लागणारच. फास्ट चार्जरवर डीसी थेट बॅटरीत जाते, तिथेही किती घ्यायची हे गाडीच ठरवते. बीई 6 वीस मिनिटांत 20 वरून 80 टक्क्यांवर जाते असं महिंद्रा सांगते, पण त्यासाठी समोर 180 किलोवॉटच्या आसपासचा चार्जर हवा. तीसच्या चार्जरवर त्याच गाडीला दीड तासाहून जास्त वेळ लागेल.

आणि नेमकं ऐंशी टक्क्यांवरच घोडं का अडतं? डहाणू रोडवरून सकाळी सुटणारी चर्चगेट लोकल आठवावी. सुरुवातीला डबा रिकामा, माणसं भराभर बसतात. पालघर-बोईसरपर्यंत खिडक्या भरतात, आणि विरारला चढणाऱ्याला 'जरा सरका' म्हणत उभं राहायला जागा शोधावी लागते. लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत असेच शिरतात. जागा कमी उरल्यावरही जोराने रेटले तर ते आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडी स्वतःहून वेग कमी करते. शेवटचे वीस टक्के भरायला पुष्कळदा आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ जातो. रविवारी संध्याकाळी हायवेवरच्या चार्जरपाशी रांग असेल तर ऐंशीला वायर काढणं शहाणपणाचं आणि मागच्यावर उपकारही.

बॅटरीचे प्रकार इथे महत्त्वाचे ठरतात. 2001 साली बेंगळुरूच्या रेवा गाडीत शिशाच्या बॅटऱ्या होत्या, इन्व्हर्टरमध्ये असतात तशाच: जड आणि लवकर थकणाऱ्या. आज भारतात विकल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांत प्रामुख्याने लिथियमचे दोन प्रकार दिसतात. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची ती एनएमसी. लोह आणि फॉस्फेटची ती एलएफपी. एनएमसीच्या एक किलो सेलमध्ये पाव युनिटाच्या आसपास वीज मावते, एलएफपीमध्ये त्याहून साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. ह्युंदाईच्या आयोनिक 5 मध्ये एनएमसी आहे. टाटांच्या नेक्सॉन, टियागोमध्ये एलएफपी. महिंद्राच्या एक्सयूव्ही 400 मध्ये एनएमसी होती, पण त्याच कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये बीई 6 आणली ती एलएफपीवर.

एलएफपीच्या जन्मकथेत दोन भारतीय नावं आहेत, आणि ती इथे फार कमी घेतली जातात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी या पदार्थावर काम केलं आणि तिघांच्या नावाने 1997 मध्ये शोधनिबंध निघाला. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी 2019 चं नोबेल मिळालं, तेव्हा ते 97 वर्षांचे होते. लोह आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त. शिवाय फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे बॅटरी तापली तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि पेट घेण्याचा धोका कमी होतो.

हिचा मोठा दोष म्हणजे कडाक्याच्या थंडीत ती मंदावते. नॉर्वेत हा दोष खरा त्रासाचा. बोर्डीत डिसेंबरच्या पहाटे सुरूच्या बनात फिरायला एक शाल पुरते, तिथे त्याची काळजी कशाला? दुसरा गुण मात्र गाडी घेणाऱ्याने नीट समजून घ्यावा. एलएफपी ऐंशी टक्के भरलेली असो की चाळीस, तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. अधूनमधून शंभर टक्के भरली की हिशेब पुन्हा जुळतो. एनएमसीचं उलटं: रोजच्या वापरात ती ऐंशीच्या आसपास थांबवली तर जास्त टिकते. गाडी घेताना रंगाआधी बॅटरी कुठल्या प्रकारची, हे विचारायला हवं.

बोर्डीच्या यजमानांसाठी रसायनापेक्षा वायर महत्त्वाची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली बारीक एक्स्टेंशन वायर पंख्याला चालते. रात्रभर पंधरा अँपिअर ओढणाऱ्या गाडीला ती चालत नाही. दोन तासांनी प्लगला हात लावला तर चटका बसतो, सकाळी प्लॅस्टिक पिवळं पडलेलं दिसतं, आणि पुढच्या खेपेला कदाचित धूर निघतो. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, वेगळा एमसीबी आणि चांगल्या प्रतीचा सॉकेट, एवढं एकदाच करून घ्यावं लागतं. आणि अर्थिंग. ते नीट नसेल तर बहुतेक गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि पाहुणा गाडीला दोष देत बसतो. कोरड्या वाळूतून वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून वर अधूनमधून पाणी ओततात. ते विसरून चालत नाही.

या भागाला विजेची आणखी एक बाजू ठाऊक आहे. जून 1991 मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तरी डहाणूच्या खाडीकाठी 500 मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. बोरिवलीच्या सोसायटीत भरलेल्या गाडीत डहाणूतच जळलेल्या कोळशाचा वाटा असू शकतो. म्हणून वाडीच्या छपरावरचं सौर पॅनल ही चैन वाटू नये. तीन किलोवॉटचं पॅनल उन्हाच्या दिवशी साधारण बारा युनिटं देतं. पाहुणे दुपारी समुद्रावर असताना सत्तर-ऐंशी किलोमीटरचा प्रवास छपरावर तयार होतो.

पुढचं पाऊल पुण्यात पडत आहे. केपीआयटी कंपनीने आयसर, पुणे यांच्यासोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. सोडियम म्हणजे मिठातलाच धातू, आणि मिठागरं पालघरच्या किनाऱ्याला नवी नाहीत. ही बॅटरी लिथियमपेक्षा जड असते, म्हणून आधी दुचाकी, रिक्षा आणि वीज साठवण्यासाठी तिचा विचार होतो आहे. चिकूच्या पेट्या घोलवड स्टेशनवर पोचवणाऱ्या टेम्पोला ती लांबच्या गाडीआधी मिळाली तर बरंच होईल.

सकाळी सातला वाडीत गाडीचा पडदा 96 टक्के दाखवतो. यजमान मीटरवरचे आकडे वहीत उतरवून तेवीस युनिटांचा हिशेब करतात, पाहुणे दव पडलेली वायर पुसून गुंडाळतात, आणि डिकीत चार्जरच्या पिशवीशेजारी घोलवडच्या चिकूची पेटी बसते.