जळजळीची गोळी : कधी घ्यायची, कधी थांबवायची?



आपल्या नागपुरात तिखटाचं कौतुक वेगळं सांगायला नको. सकाळी तर्री-पोहे, रविवारी सावजी रस्सा, आणि रात्री अकराला छातीत जळजळ! मग उशाशी ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट निघतं. आमच्या गटातल्या एका ताईंचं असंच झालं. डॉक्टरांनी पॅन्टोप्रॅझोल लिहून दिली होती पंधरा दिवसांसाठी. चिठ्ठी जुनी झाली, पण गोळी चार वर्षं सुरूच राहिली. मग पायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना थकवा जाणवू लागला. तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. ताई शाकाहारी, त्यामुळे सगळा दोष गोळीचा नव्हता. पण गोळीनं त्यात भर घातली असावी, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आज या गोळ्यांबद्दलच बोलू या.

आधी जळजळ का होते ते पाहू. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं आणि छातीत आग होते, तोंडात आंबट पाणी येतं. गरोदरपणात, वजन वाढल्यावर, तंबाखूमुळे किंवा भरपेट जेवून लगेच आडवं झाल्यावर हा त्रास वाढतो.

औषधं मुख्यतः तीन प्रकारची. पहिली पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या. त्या आधीच तयार झालेलं आम्ल मारतात. आराम लवकर मिळतो, पण टिकत नाही. पाण्यात फसफसणाऱ्या पुडीत सोडियम असतं. रक्तदाब असलेल्यांनी ती वारंवार घेऊ नये. दुसरा प्रकार फॅमोटिडीनसारख्या गोळ्यांचा. त्या आम्ल कमी तयार होऊ देतात. याच घराण्यातली रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघरी होती. तिच्यात एनडीएमए हा घातक अंश सापडल्यामुळे अमेरिकेनं २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती २०२२ मध्ये वगळली गेली. जुन्या डब्यात पडून असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसरा प्रकार ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. या गोळ्या ते पंपच बंद करतात. जेवण पोटात गेलं की पंप जोरात सुरू होतात. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवल्यानंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून दुसरी घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, गोळीनं आम्ल कमी होतं, झडप घट्ट होत नाही.

मग या गोळ्या वाईट का? नाही. अन्ननलिकेला जखम असेल, किंवा सांधेदुखीची औषधं कायम सुरू असतील, तर डॉक्टर त्या मुद्दाम जास्त दिवस देतात. पण विचारल्याशिवाय वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, लोह नीट शोषलं जात नाही. आपल्यापैकी कितीजणींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं! थायरॉईडची, लोहाची किंवा रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. खूप दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उलटून वाढते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची. आमच्या ताईंनीही तसंच केलं.

सोबत घरचे उपाय हवेतच. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा इंच उंच करा. नुसत्या दोन उशांनी मानच वाकते. डाव्या कुशीवर झोपा. सणावारी सगळ्यांना वाढून उरलेलं दुपारी तीनला एकदम जेवायचं, ही सवयही सोडू या.

गिळताना घास अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर गोळी घेत घरी बसू नका. आणि जळजळीसोबत घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ आली, तर ‘गॅस असेल’ म्हणू नका. १०८ ला फोन लावा. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच ॲसिडिटीच्या नावाखाली झाकला जातो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा : आपलं पाकीट काढा आणि आठवा, ही गोळी कुणी दिली, किती दिवसांसाठी, आणि आज किती दिवस झाले? उत्तर आठवत नसेल, तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!