गॅमेक्झिन पचवणारे जिवाणू

गॅमेक्झिन म्हणजे मुंग्या-झुरळांवर टाकायची कुबट वासाची भुकटी. तिच्यातले मूळ द्रव्य एचसीएच: सहा कार्बनचे कडे आणि प्रत्येक कार्बनला एकेक क्लोरिन. कीटक मारणारे त्याचे खरे रूप लिंडेन. एक किलो लिंडेन वेगळे काढले की आठ ते बारा किलो निरुपयोगी एचसीएच, म्हणजे अल्फा, बीटा अशी त्याची इतर रूपे, उरते, आणि ते उघड्यावर टाकले जाई. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातल्या मातीतही ते सापडले आहे. तिथला साठवलेला 337 टन कचरा 2025 मध्ये पीथमपूरला जाळला गेला. कचरा गेला, मुरलेले विष मातीतच राहिले.

एचसीएचची फवारणी 1940 च्या दशकात सुरू झाली. जेमतेम पन्नास वर्षांत, 1990 च्या सुमारास, कटकच्या भात संशोधन संस्थेत पिकाच्या मुळांभोवतीच्या मातीतून ते पचवणारा जिवाणू मिळाला. आज त्याचे नाव स्फिंगोबियम इंडिकम, वाण बी90ए. एचसीएचमुळे गढूळ दिसणाऱ्या थाळीवर तो वाढवला की त्याच्या ठिपक्याभोवती स्वच्छ वलय उमटते.

ही किमया त्याच्या ‘लिन’ जनुकांची. लिन-ए हे विकर क्लोरिन आणि हायड्रोजन जोडीने उपटते. लिन-बी क्लोरिनच्या जागी हायड्रॉक्सिल बसवते. पुढची विकरे कडे फोडतात आणि कार्बन अन्न होतो. बी90ए मध्ये लिन-ए जनुकाच्या दोन प्रती आहेत. त्या सारख्या नाहीत: अल्फा एचसीएचच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी एकीला एक रूप रुचते, दुसरीला दुसरे. जपानी वाण यूटी26 च्या लिन-बीशी तुलना केली तर मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक दिसतो. पण तेवढ्यानेच भारतीय वाण सर्वांत चिवट बीटा एचसीएचवर एक पायरी पुढे जाते. इतक्या लहान बदलाचा एवढा परिणाम खरोखर थक्क करतो.

जनुके पसरली कशी? त्यांच्या शेजारी आयएस6100 हा उड्या मारणारा डीएनए-तुकडा वारंवार सापडतो, तोही भारत, जपान आणि फ्रान्सच्या वाणांत. प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या तुकड्यांवरून जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. लखनौजवळच्या एचसीएचच्या ढिगाऱ्याची माती तपासली, तेव्हा दूरच्या मातीपेक्षा ढिगाऱ्यात लिन जनुके आणि आयएस6100 जास्त निघाले.

मात्र मातीत जिवाणू नुसते टाकून भागत नाही. ओल आणि हवा लागते. म्हणून भारतीय संशोधकांनी बी90ए मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या चुऱ्यावर वाढवून दूषित मातीत मिसळला, आणि एचसीएच कमी झाले.