'तारण' आणि 'कृपा' : रेव्हरंड टिळकांच्या संदर्भात

मराठी ख्रिस्ती काव्य वाचू लागताच 'तारण' हा शब्द भेटतो. व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी गहाण टाकलेली वस्तू. येथे मात्र तो 'तारणे' या क्रियापदाच्या मूळ अर्थाने येतो : बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे. गंमत अशी, की ज्या कल्पनेसाठी हा शब्द योजला गेला, तिच्यात माणसाजवळ गहाण ठेवण्याजोगे काहीच नसते.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. तारण पुण्याईने मिळत नाही. ते देवाचे दान आहे आणि विश्वासाने स्वीकारावयाचे आहे. सत्कर्मे ही त्याची किंमत नव्हे, फळ होय. मग वाटेल तसे वागण्यास मोकळीक मिळाली काय? हा आक्षेप पौलालाही विचारात घ्यावा लागला. त्याचे उत्तर सिद्धांतापेक्षा चरित्रातून अधिक नीट उमगते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. स्वतःच्या साधनेचा अभिमान गळून पडल्यावर उरणारी आर्तता तुकोबांच्या अभंगांत आहे, आणि टिळकांनी ख्रिस्ताला माउली मानून आळविले ते त्याच परंपरेतून. तथापि दोन्ही ठिकाणची 'कृपा' एकच, असे उत्तर विद्यार्थ्यांनी घाईने लिहू नये. ख्रिस्ती विचारात कृपा ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाशी, म्हणजे इतिहासात घडलेल्या एका घटनेशी बांधलेली आहे. विठ्ठलभक्तीत तसे नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रवास निराळा. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे त्यांना कोणा उपदेशकाने पटविले नाही. विचार करता करता ते त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये ही स्थित्यंतराची हकिकत विनोदाच्या अंगाने येते, म्हणूनच ती विश्वसनीय वाटते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, वेतनाचा आधार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत सामावणार होते. कृपा जर दान असेल, तर तिच्या दाराशी संस्थेने पहारा का द्यावा, हा प्रश्न या कल्पनेच्या मुळाशी दिसतो. मंडळीच्या दृष्टीने मात्र बाप्तिस्मा हा बाह्य उपचार नसून ख्रिस्ताच्या आज्ञेचे पालन होय. ही बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. वाद मिटण्याइतका अवधी टिळकांना लाभला नाही. मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले.