पावसाच्या आकड्यातली वाडी

जुलै लागला की नगरच्या वर्तमानपत्रांत रतनवाडी उगवते. काल घाटघरला किती पडला, रतनवाडीला किती, पांजऱ्याला किती आणि त्याखाली भंडारदऱ्याचा साठा. राहाता-श्रीरामपूरकडचा ऊसवाला हे आकडे बाजारभावाआधी वाचतो. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरलं की बातमी संपते, तिच्याबरोबर रतनवाडीही.

ही शंभर वर्षांची रीत. १९१० मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचं काम सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी धरणाचं उद्घाटन केलं. ८२ मीटरची ही भिंत त्या काळी नवलाची होती. खाली कालवे गेले, ऊस आला, १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग पुढारीही. वर रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीकडे मात्र खोऱ्याचा तळ बुडाला. भाताला सपाटी लागते आणि ती होती तिथेच. महादेव कोळी, ठाकर कुटुंबं उतारावर बांध घालून खाचरं करत राहिली.

आजही राब भाजून रोप टाकतात, आषाढात गुडघाभर चिखलात आवणी चालते. पाठीवरच्या इरल्याच्या जागी आता प्लॅस्टिकचा कागद आला, वाकलेली पाठ तीच. रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यातही तेव्हा पाणी चढतं, पिंड दिसेनाशी होते.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, २००८ च्या सुमारास घाटघरचा २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प. दोन्हींचे निर्णय लांबच झाले. आदिवासी भागासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी वाडी-पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. कागद चांगला आहे. त्यासाठी तालुक्याला खेटे कोण घालणार, हा प्रश्न उरतोच.

आता मे अखेरीस पुण्या-मुंबईच्या गाड्या काजवे पाहायला येतात. हिरडा, सादडा, जांभळीवर झाडभर उजेड लुकलुकतो आणि खाली हेडलाइट लावून कोंडी होते. याच दिवसांत उतारावरच्या वाड्यांत बायका हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेवर असतात. तरी तंबू गावातल्या पोरांचा असला तर भाडं खोऱ्यातच राहतं. पाण्याच्या बाबतीत एवढंही कधी झालं नव्हतं.