चालताना बॅटरी कुठे जाते?

पावलं आणि वाट वेगळी. पावलं मोजतो ॲक्सेलरोमीटर. त्याला वीज नगण्य लागते. वाट नोंदवतो जीपीएस, तो खादाड. त्याहून खादाड उजळ स्क्रीन. नांदेडच्या गोदाकाठी रोजच्या फेरीला नुसती पावलं पुरतात.

लांब पल्ला. लातूर ते तुळजापूर पायी सुमारे 75 किमी. नकाशा आधीच डाउनलोड करावा, फोन खिशात, स्क्रीन बंद. जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, त्याला इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या पट्ट्यात टॉवर शोधण्यातच फोन दमतो; तिथे फ्लाइट मोड.

ऊन. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली. तिला 35 अंशांपुढची उष्णता सोसत नाही, क्षमता कायमची घटते. मे महिन्यात मराठवाड्याचा पारा 40 ओलांडतो. तापलेला फोन चार्जिंगला लावू नये. आधी सावलीत, कव्हर काढून. (फ्रिजमध्ये नाही!)

बॅटरी सेव्हर. तो मागे चाललेली ॲप बंद करतो, वाट नोंदवणारं ॲपही. मग नकाशावर वळणाच्या रस्त्याऐवजी शेतातून गेलेली सरळ रेघ दिसते. सेटिंगमध्ये तेवढ्या एका ॲपला सूट द्यावी.