पूर्णाकाठची काळी माती

मे महिन्याच्या भर दुपारी मुंबईहून नागपूरकडे निघालेली आगगाडी मलकापूर मागे टाकून अकोल्याच्या रोखाने धावू लागली म्हणजे डाव्या हाताच्या खिडकीतून एक सपाट, काळाभोर मुलूख दृष्टीस पडतो. उत्तरेस सातपुड्याची रांग निळसर रेघेएवढी दिसते. तिच्या अलीकडे चढ नाही, उतार नाही, झाडेही विरळच. एखाद्या स्थानकावर उतरून कोणी शेतात पाऊल टाकील तर त्यास जमीन ठिकठिकाणी उललेली आढळेल. भेगा चार-चार, पाच-पाच सेंटीमीटर रुंद असतात आणि त्यांत काठी सोडली तर कित्येक ठिकाणी ती हातभर सहज खाली जाते. हे पूर्णा नदीचे खोरे. ह्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ९०० गावांच्या टापूस लोक खारपाण पट्टा म्हणतात.

नावातच तेथील दुःख सांगून टाकलेले आहे. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड अशी म्हण. त्या प्रांताच्या कापसाने गिरण्या चालविल्या आणि बाजारपेठा उभ्या केल्या. परंतु त्याच प्रांताच्या ऐन मध्यभागी, पायांखाली पाणी असता, पिण्याच्या घागरीसाठी बायाबापड्यांनी पिढ्यान् पिढ्या कोसभर पायपीट केली. विहीर खणावी तर पाणी लागते. मात्र ते तोंडात धरवत नाही. पूर्वी अकोल्याच्या बाजूस असल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करीत असत. इंग्रजी अमदानीत तो धंदा बंद पडला. शेतकऱ्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पीक डोळ्यांदेखत सुकत असता विहिरीचे पाणी त्यास द्यावे की न द्यावे, ह्या विचारात त्यास रात्र काढावी लागते. असे का व्हावे, ह्याचे उत्तर नदीत नाही, ढगातही नाही. ते त्या चिकणमातीच्या स्वभावात आहे.

पूर्णा गाविलगडच्या डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या खोऱ्याची उत्तर कड भूगर्भातील एका मोठ्या प्रस्तरभंगाने आखली गेली आहे. भूस्तर तुटून ह्या बाजूचा भाग खचत गेला आणि तयार झालेला खळगा नद्यांनी गाळाने भरून काढला. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा आहे. पाणी गाळ वाहून नेते तेव्हा ते जणू चाळणीचेच काम करीत असते. डोंगर उतरताच वेग मंदावतो, तेव्हा गोटे, वाळू, भरड माती पायथ्याशीच पडते. सर्वांत बारीक कण तेवढे दूरवर, सखल मैदानात जाऊन संथ पाण्यात बसतात. म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अचलपूरच्या वरच्या अंगास, विहिरींचे पाणी गोड लागते व संत्र्याच्या बागा डोलतात. आणि तेथून काही कोस दक्षिणेस उतरले की पाणी खारट होते आणि बाग हा शब्दच ऐकू येईनासा होतो.

हे बारीक कण किती बारीक असावेत? शास्त्रज्ञ ज्यास चिकणमातीचा कण म्हणतात त्याचा व्यास ०.००२ मिलिमीटरहूनही कमी असतो. पूर्णाकाठच्या मातीत निम्म्याहून अधिक भाग असल्या कणांचाच भरतो. शिवाय हे कण वाळूसारखे गोल नसून पापुद्र्यांसारखे चपटे असतात, आणि सह्याद्री-सातपुड्याच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत त्यांची जात विशेष पाणीपिशी असते. पत्त्यांच्या जुडीतील दोन पत्त्यांमध्ये पाणी शिरावे तसे पाणी त्यांच्या थरांमध्ये शिरते आणि जुडी फुगते. पाणी निघून गेले की आक्रसते. ह्या जातीचा एक ग्रॅम शुद्ध खनिज घेऊन त्याचे सारे पापुद्रे उलगडून पसरता आले, तर त्यांचे क्षेत्र ७०० ते ८०० चौरस मीटर भरेल! काळा रंग पाहून अशा जमिनीत कुजलेल्या पालापाचोळ्याचा भरपूर अंश असावा असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. ह्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमीच असतो.

फुगणे आणि आक्रसणे ह्या दोन क्रियांतून ह्या जमिनीचे सारे वर्तन उद्भवते. उन्हाळ्यात ती उलते. वरची भुसभुशीत माती, ढेकळांचा चुरा, गेल्या सालच्या पऱ्हाटीची पाने भेगांत पडतात. पावसाळ्यात खालची माती फुगते; पण तिच्या जागेत आता हा नवा ऐवज येऊन बसलेला असतो, म्हणून तिला बाजूस व वर रेटा द्यावा लागतो. असे वर्षानुवर्षे होता होता जमीन आपली आपणच उलथीपालथी करते. खोल खड्डा खणला तर आत मातीचे तिरपे, एकमेकांवर घासून शिसवी लाकडासारखे चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. ती त्या रेटारेटीची खूण होय. घर बांधणाऱ्यास ही रेटारेटी वेगळ्या रीतीने कळते. पाया उथळ ठेवला तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीवर वीज चमकल्यासारखी चीर उमटते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ह्या स्वभावाचा मोठा गुण असा की ही माती पाणी धरून ठेवते. मीटरभर खोलीची चांगली काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी आपल्या अंगात साठवू शकते. मोसमी पाऊस ओसरल्यावरही कपाशी महिनेच्या महिने उभी राहते, ती ह्याच पुंजीवर. कित्येक शेतकरी तर पावसाळ्यात शेत पडीत ठेवतात, वखराच्या पाळ्यांवर पाळ्या घालून तण मारतात, भेगा बुजवितात आणि साठलेल्या ओलीवर आश्विन-कार्तिकात हरभरा, करडई किंवा गहू पेरतात. पुस्तके न वाचलेल्या माणसांनी एका अवघड जमिनीशी केलेला हा करार आहे, आणि त्यातील शहाणपणाची दाद शहरवासीयांनी द्यावयास हरकत नाही. वाफसा साधणे ही त्या करारातील सर्वांत कठीण अट. ओली असता ही माती नांगराला आणि बैलाच्या खुराला लगद्यासारखी लगडते. वाळली की दगड होते. ह्या दोहोंमधील कामाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

आता श्रोत्यांच्या मनात स्वाभाविकच अशी शंका येईल की, जी जमीन पाणी इतके जपून ठेवते तिला थोडे खारे पाणी दिले तर बिघडते काय? ह्याचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले म्हणजे गृहिणी त्यात तुरटी फिरविते आणि थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो, त्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात व पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतील अॅल्युमिनियमच्या प्रबळ धन भारामुळे हे लोटणे थांबते, कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात. जमिनीत हेच काम, तुरटीएवढ्या जोराने नव्हे पण पुरेशा रीतीने, चुन्यातील कॅल्शियम करते. कण पुंजक्यांत बांधले जातात, पुंजक्यांमध्ये पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्यांतून पाणी खाली झिरपते व मुळांना हवा मिळते. सोडियम ह्या बाबतीत दुबळा आहे. कॅल्शियमची जागा त्याने घेतली की पुंजके सुटतात, कण मोकळे होतात आणि पोकळ्यांत जाऊन बुचासारखे बसतात. मग वर पाणी तुंबलेले आणि वीतभर खाली माती कोरडी, असा देखावा दिसतो. अशा जमिनीस आपल्याकडे चोपण म्हणतात.

येथे निसर्गाने एक फसवा डाव टाकून ठेवला आहे. पाण्यात क्षार पुष्कळ असतील तर, त्यात सोडियम असला तरीही, कण काही काळ एकत्र राहतात. म्हणून खाऱ्या विहिरीचे पाणी दिल्यावर पहिल्या वर्षी जमीन बिघडल्याचे दिसत नाही. उलट सुकणारे पीक तरारते, उत्पन्न वाढते आणि शेजारी हेवा करू लागतो. पुढच्या पावसाळ्यात आभाळाचे निर्मळ पाणी पडते, मोकळे क्षार धुऊन जातात, परंतु कणांना चिकटलेला सोडियम जागचा हलत नाही. आणि त्याच क्षणी कण विखरू लागतात. जमीन खाऱ्या पाण्याने बिघडते आणि तिचा बिघाड गोड पाण्यात उघडा पडतो. शेतकऱ्याने दोष त्या सालच्या पावसाला द्यावा, ह्यात नवल ते काय!

पण ज्या शेतांना विहिरीच्या पाण्याचा थेंबही मिळालेला नाही, तीही ह्या खोऱ्यात हळूहळू बिघडत आहेत. ह्याचा उलगडा नागपूर येथील राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी केला. मूळच्या काळ्या दगडातून कॅल्शियम व सोडियम दोन्ही सुटतात. जेथे पाऊस बेताचा आणि ऊन कडक, तेथे कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मातीतच गोठून बसतो. शेतात सापडणारे पांढरट खडे हे त्याचेच. तो असा बाजूला पडला म्हणजे कणांवर बसण्यास सोडियम उरतो, आणि सपाट, चिकट जमिनीतून त्याला वाहून जाण्यास वाट नसते. खोऱ्याच्या पूर्व भागापेक्षा पाऊस कमी पडणाऱ्या पश्चिम भागात हा विकार अधिक दिसतो, तो ह्यामुळेच. अमेरिकेतील क्षारभूमी-प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार कणांवरील विनिमयक्षम धन आयनांत सोडियम शेकडा १५ झाला म्हणजे जमीन चोपण समजावयाची. पूर्णा खोऱ्यातील मातीत पाण्याचा निचरा शेकडा ५ पासूनच मंदावतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. परक्या मुलखातील माप लावून निरोगी ठरविलेली शेते प्रत्यक्षात आजारी होती! असल्या शेतात जमिनीच्या पोटात ओल असूनही कपाशी कोमेजते, कारण ती ओल मुळांपर्यंत सरकत नाही.

मग गोड्या पाण्याचे कालवे आणले म्हणजे प्रश्न सुटेल काय? ह्याविषयी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास पूर्वीच एक अनुभव येऊन गेला आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडील काळ्या जमिनींस मिळू लागले, उसाचे मळे फुलले, आणि पुढील काही दशकांत खोलगट शेते पाणथळ होऊन त्यांवर पांढरे क्षार फुटले. ते पाणी खारे नव्हते. ते बाहेर पडावयास वाट नव्हती, एवढेच. पूर्णाकाठची माती तर त्याहून चिकट आणि तिच्याखालचे पाणी आधीच खारे. तेथे कालवा खणण्यापूर्वी चर खणावयास हवेत, हे सांगावयास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. तथापि कालव्याच्या उद्घाटनास जशी गर्दी लोटते तशी चराच्या उद्घाटनास लोटत नाही.

बिघडलेल्या जमिनीवर जिप्समचा उपाय आहे. त्यातील कॅल्शियम कणांवरील सोडियमला हुसकून लावतो. मात्र हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर गेला पाहिजे, म्हणून येथेही निचऱ्यावाचून गत्यंतर नाही. जोडीला धैंचा किंवा ताग फुलावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडला तर त्याच्या कुजण्याने चुनखडीतील थोडा कॅल्शियम विरघळून कामी येतो. काम सावकाशीचे आहे आणि खर्चाचेही. पिण्याच्या पाण्याची अडचण पुष्कळ गावांपुरती सातपुड्यातील वान, शहानूर ह्यांसारख्या नद्यांवरील धरणांतून नळाने पाणी आणून हलकी करण्यात आली आहे; नळ कोरडा पडला म्हणजे मात्र पुन्हा विहिरीकडे पाहावे लागते.

शेतीपुरता जो मार्ग अलीकडे रूढ होत आहे तो ह्या मातीच्या अवगुणालाच कामाला लावणारा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावे घेण्यात आली, आणि तेथे शेततळ्यांवर भर देण्यात आला. इतरत्र शेततळ्यातील पाणी मुरून जाऊ नये म्हणून तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागतो. येथे तशी गरज बहुधा पडत नाही; पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात आणि तळ आपोआप बंद होतो. शेतावरून वाहून जाणारे पावसाचे गोडे पाणी त्यात साठते. मार्गशीर्षात हरभरा फुलावर येतो तेव्हा त्याला त्यातून एक पाणी देतात. तोवर तळ्याच्या काठची माती वाळून पुन्हा उलू लागलेली असते.