राजदरबारची साधने (भाग ७) : चांदीचा हौदा आणि कापडी खोगीर

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात छत्रपती घराण्याची शस्त्रे, पोशाख आणि दागिने यांच्यासोबत हत्तीवर चढवायचे चांदीचे हौदे ठेवलेले आहेत. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात हा वाडा उभा राहिला. ज्या गादीचे हे वैभव, तिचा उगम शोधताना राजगुरुनगरला, म्हणजे जुन्या खेडला, यावे लागते. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या फौजांची गाठ पडली. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांची हद्द ठरली.

हत्तीवरच्या उघड्या बैठकीला हौदा म्हणतात, छत असेल तर ती अंबारी. आधी पाठीवर जाड गादी, त्यावर झूल आणि मग हौदा. दोर पोटाखालून आवळतात. हौदा पुढे-मागे सरकू नये म्हणून ते मानेकडून व शेपटीखालूनही घेतात. गादी केवळ स्वाराच्या सुखासाठी नसते. कण्यावर थेट भार आला तर हत्तीच्या पाठीला जखम होते, म्हणून वजन दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर उतरवावे लागते.

चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड आणि त्यातही मऊ. अखंड चांदीची बैठक घडवली तर ती जनावराला ओझे होईल आणि धक्क्याने वाकेल. म्हणून असे साज घडवताना सांगाडा बहुधा लाकडाचा करतात आणि त्यावर चांदीचा पत्रा ठोकून बसवतात. नक्षीसाठी पत्रा राळेच्या थरावर ठेवून मागून ठोकतात, मग समोरून रेषा कोरतात. घोड्याच्या साजातही चांदी दिसते ती कलगी, हैकल, लगामाची बटणे अशा नजरेत भरणाऱ्या जागी. तंग, जेरबंद, दुमची या पट्ट्यांना ताण सोसायचा असतो. तिथे चामडे किंवा सुती पट्टाच हवा.

मराठा घोडदळ अशाच साध्या सामानावर दौडले. खेडच्या लढाईतल्या शिलेदार-बारगिरांचा भर कापड, नमदा आणि चामडे यांवर होता. घाम, पाऊस आणि कसर यांनी ते खाऊन टाकले. संग्रहालयात उरली ती मिरवणुकीची चांदी. त्यामुळे जुनी स्वारी म्हणजे नुसता लखलखाट, अशी पाहणाऱ्याची समजूत होते, आणि ती चुकीची आहे.

उरलेली चांदी सांभाळणेही सोपे नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. लोकर आणि रबर यांतूनही असे वायू सुटतात. म्हणजे साजाखालचा लोकरी नमदाच चांदीचा वैरी ठरतो. देवाची उपकरणी रांगोळीने घासतात तसा हा साज घासून चालत नाही, कारण दर घासणीला थोडी चांदी निघते आणि नक्षी बोथट होते. मऊ कापड, कोरडी हवा आणि बंद कपाट एवढेच खरे उपाय.

हत्तीवरून मिरवण्याचा काळही सरला. म्हैसूरच्या दसऱ्यात सुमारे ७५० किलोंच्या सुवर्ण अंबारीत आता राजा नव्हे, चामुंडेश्वरीची मूर्ती असते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची स्वारी दसरा चौकात येते ती जुन्या मेबॅक मोटारीतून.